घरच्या ड्रग टेस्टची पट्टी: चाचणी कशी करायची, निकाल कसा वाचायचा आणि त्यावर किती भरवसा ठेवायचा

लघवीतून ड्रग शोधणारी ही पट्टी हातात घेणारा माणूस बहुधा घाबरलेला असतो. कुणाला मुलाच्या दप्तरात काहीतरी सापडलेलं असतं. कुणी व्यसनमुक्तीच्या उपचारांत असतं आणि आठवड्यातून एकदा स्वतःला तपासून घेतं. कुणाला नुसती शंका छळत असते. अशा मनःस्थितीत माहितीपत्रक न वाचताच बाजूला पडतं आणि पाच मिनिटांनी पट्टी चक्क उलटी वाचली जाते. त्यामुळे किट निवडणं, नमुना घेणं या गोष्टी नंतर, आधी वाचन.

रेषा दिसली म्हणजे निगेटिव्ह

गर्भधारणेच्या चाचणीने आपल्याला एक सवय लावली आहे: दोन रेषा म्हणजे ‘आहे’, एक रेषा म्हणजे ‘नाही’. ड्रग टेस्टच्या पट्टीवर हे बरोबर उलटं असतं. पट्टीवर ‘सी’ म्हणजे कंट्रोल आणि ‘टी’ म्हणजे टेस्ट अशा दोन जागा असतात.

सी आणि टी दोन्हीकडे रेषा दिसली तर निकाल निगेटिव्ह.
सीजवळ रेषा आहे, पण टीजवळ काहीच नाही, तर प्राथमिक पॉझिटिव्ह.
सीजवळ रेषाच नाही, तर चाचणी बाद. टीजवळ काय दिसतं याला मग अर्थ नाही. नवी पट्टी घ्या.

हा उलटेपणा कशामुळे? गर्भधारणेच्या चाचणीत शोधलं जाणारं संप्रेरक हे मोठं प्रथिन असतं. त्याला एकाच वेळी दोन बाजूंनी दोन अँटिबॉडी (ठरावीक रेणूलाच पकडणारी प्रथिनं) चिकटू शकतात आणि त्या जोडीमुळे रेषा उमटते. गांजातला किंवा कोकेनमधला रेणू त्यामानाने फारच लहान. दोन अँटिबॉडी त्याला एकदम पकडू शकत नाहीत. म्हणून इथे वेगळी युक्ती वापरतात. टी रेषेच्या जागी त्या ड्रगचा रेणू एका प्रथिनाला बांधून आधीच चिकटवून ठेवलेला असतो. लघवी पट्टीवरून वर सरकताना रंगीत कण लावलेल्या अँटिबॉडी सोबत घेते. लघवीत ड्रग नसेल तर या अँटिबॉडी मोकळ्याच टी रेषेपर्यंत पोचतात, तिथे चिकटवलेल्या रेणूला पकडतात आणि रंग उमटतो. लघवीत ड्रग भरपूर असेल तर त्या वाटेतच अडकतात, टी रेषेवर थांबायला कुणी उरत नाही आणि जागा कोरी राहते.

सी रेषेचं काम साधं आहे: द्रव शेवटपर्यंत नीट वाहिला एवढंच ती सांगते. नमुना खरा आहे की त्यात पाणी मिसळलंय, याबद्दल तिला काहीही कळत नाही.

फिकट रेषेचा घोळ

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. टी रेषा दिसते, पण इतकी पुसट की पट्टी उजेडात तिरकी धरावी लागते. ही निगेटिव्हच. ‘थोडंसं पॉझिटिव्ह’ असा निकाल या चाचणीत नसतो. एकाच पट्टीवर मॉर्फिनची रेषा गडद आणि गांजाची फिकट दिसणं नेहमीचं आहे, कारण प्रत्येक रेषेसाठी अँटिबॉडी वेगळी आणि रंग धरण्याची ताकदही वेगळी.

त्याच कारणाने रोज चाचणी करून, रेषा कालच्यापेक्षा गडद झाली म्हणजे अंगातलं ड्रग कमी होतंय, असा हिशेब मांडू नये. अनेक जण फोटो शेजारी शेजारी ठेवून हे करतात. पण रेषेचा गडदपणा त्या दिवशी किती पाणी प्यायलं होतं यावर, शिवाय पट्टीच्या उत्पादनातल्या बारीकसारीक फरकांवरही अवलंबून असतो. ही पट्टी प्रमाण मोजायला बनवलेलीच नाही.

पट्टी नेमकं काय शोधते

बहुतेक वेळा पट्टी मूळ ड्रग शोधत नाही. शरीराने त्याचं जे रूपांतर केलं आहे ते शोधते. गांजाच्या पट्टीला हवा असतो टीएचसीपासून, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकापासून, यकृतात तयार होणारा एक आम्लपदार्थ. त्याची नशा चढत नाही, पण तो चरबीतून सावकाश बाहेर पडत राहतो. कोकेनच्या पट्टीला हवं असतं बेंझॉइलएक्गोनिन. हेरॉइनचं शरीरात आधी एक अल्पायुषी संयुग बनतं आणि मग मॉर्फिन. साधी पट्टी मॉर्फिनच पकडते. ते हेरॉइनमधून आलं की खोकल्याच्या औषधातल्या कोडीनमधून, हे तिला सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट कटऑफची. पट्टी ‘आहे की नाही’ सांगत नाही, ‘ठरावीक पातळीच्या वर आहे की खाली’ एवढंच सांगते. गांजासाठी ही पातळी साधारणपणे दर मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम असते. कोकेनसाठी १५० किंवा ३००, अँफेटामिनसाठी ५०० किंवा १०००, बेंझोडायझेपिनसाठी (झोपेच्या व चिंतेच्या गोळ्यांचा एक गट) बहुधा ३००, ब्युप्रेनॉर्फिनसाठी (अफूवर्गाच्या व्यसनावर देतात ते औषध) १०. आज गांजाचं प्रमाण ६० असलेला माणूस पॉझिटिव्ह येईल, उद्या ४५ झालं की निगेटिव्ह, परवा पाणी कमी प्यायल्याने लघवी घट्ट झाली की पुन्हा पॉझिटिव्ह. मधल्या दोन दिवसांत त्याने काहीच घेतलेलं नसेल. निगेटिव्हनंतरचं पॉझिटिव्ह म्हणजे ‘पुन्हा सुरू केलं’ असा आरोप करण्याआधी हे ध्यानात घ्यायला हवं. उपचार केंद्रं अशा वेळी लघवीतलं क्रिएटिनिन, म्हणजे लघवी किती घट्ट आहे हे दाखवणारा घटक, मोजून तुलना करतात. घरी ती सोय नसते.

अफूवर्गाच्या पट्टीत कटऑफचा फरक फार मोठा असतो. खोक्यावर ‘एमओपी’ लिहिलं असेल तर बहुधा ३००, ‘ओपीआय’ असेल तर बहुधा २०००. अमेरिकेत सरकारी कर्मचाऱ्यांच्या तपासणीत ही पातळी १९९८ साली ३०० वरून २००० वर नेली, कारण खसखस खाल्लेले लोक पॉझिटिव्ह येत होते. खसखशीच्या दाण्यांवर अफूच्या चिकाचा अंश राहतो, तेव्हा खसखशीची गोष्ट ही निव्वळ सबब नाही. ३०० ची पट्टी वापरणाऱ्याने आदल्या दिवशीचं जेवण विचारलंच पाहिजे.

किट घेताना अक्षरं वाचा

‘पाच ड्रग’, ‘दहा ड्रग’, ‘बारा ड्रग’ असे आकडे ठळक छापलेले असतात. आकड्यापेक्षा अक्षरं महत्त्वाची. टीएचसी म्हणजे गांजा-चरस, सीओसी कोकेन, एएमपी अँफेटामिन, एमईटी मेथअँफेटामिन, बीझेडओ झोपेच्या व चिंतेच्या गोळ्यांतला बेंझोडायझेपिन गट, बीएआर बार्बिच्युरेट, एमटीडी मेथाडोन, बीयूपी ब्युप्रेनॉर्फिन, टीसीए जुन्या प्रकारची नैराश्यावरची औषधं.

पट्टीवर काय नाही, हे जास्त मोलाचं. तुमची शंका ज्या पदार्थाबद्दल आहे तो यादीतच नसेल तर निगेटिव्ह निकालाला काडीची किंमत नाही. काही ठिकाणी तर नाव यादीत असूनही फसगत होते:

अफूवर्गाची पट्टी मॉर्फिन आणि कोडीन पकडते. फेंटानिल, ट्रॅमाडॉल, मेथाडोन हे कृत्रिम पदार्थ तिला दिसत नाहीत. ऑक्सिकोडोनही नीट दिसत नाही. त्यांच्या पट्ट्या स्वतंत्र असतात.

बेंझोडायझेपिनची पट्टी डायझेपाम चांगलं पकडते, पण क्लोनाझेपाम आणि लोराझेपाम अनेकदा तिच्या हातून निसटतात. डॉक्टरांनी लिहून दिलेलं क्लोनाझेपाम नियमित घेणारा रुग्ण निगेटिव्ह येतो आणि घरचे म्हणतात, गोळ्या घेतच नाही, विकतो की काय! असे प्रसंग ओढवतात ते यामुळे.

एमडीएमएची, म्हणजे ‘एक्स्टसी’ची, पट्टी मेफेड्रोन या वेगळ्या उत्तेजक ड्रगसाठी नाही. बोलीत ‘एमडी’ म्हणतात ते सहसा मेफेड्रोन असतं. नावं सारखी म्हणून लोक ही पट्टी आणतात आणि निगेटिव्ह पाहून निर्धास्त होतात. नेहमीच्या पॅनेलमध्ये मेफेड्रोन येत नाही. कृत्रिम कॅनाबिनॉइड, म्हणजे गांजासारखी नशा देणारी बनावट रसायनं, गांजाच्या पट्टीवर दिसत नाहीत. हुंगायचे द्राव, एलएसडी, बहुतेक पॅनेलमध्ये केटामिनसुद्धा नसतंच.

खोक्यावरची मुदत पाहा. पाकीट फाटलेलं किंवा आत ओल धरलेलं असेल तर ती पट्टी टाकून द्या.

प्रत्यक्ष चाचणी

१. आधी औषधांची यादी करा. गेल्या दोन आठवड्यांत घेतलेली प्रत्येक गोळी, सिरप, सर्दीचं औषध, काढा, पूरक गोळ्या, सगळं कागदावर. निकाल पाहिल्यावर केलेली यादी ही बचावाची यादी वाटते. आधी केलेली यादी नुसती माहिती असते. त्यामुळे हे पहिलं पाऊल टाळू नका.

२. वेळ निवडा. सकाळची पहिली लघवी सर्वांत घट्ट असते, म्हणून ती चांगली. चाचणीआधी मुद्दाम भरपूर पाणी पिऊ नका.

३. पट्टी आणि नमुना दोन्ही खोलीच्या तापमानाला असू द्या. फ्रिजमधली पट्टी लगेच उघडली तर तिच्यावर बाष्प धरतं. पाकीट ऐन वेळी फोडा. उघडी पट्टी हवेतली ओल शोषून घेते.

४. स्वच्छ, कोरड्या भांड्यात नमुना घ्या. साबणाचा किंवा ब्लीचचा अंश असलेलं भांडं चालत नाही. अनेक किटच्या कपावर तापमानाची पट्टी असते. ताज्या लघवीचं तापमान पहिल्या चार मिनिटांत साधारण ३२ ते ३८ अंश सेल्सिअस असतं. नमुना गढूळ असेल तर थोडा वेळ स्थिर ठेवून वरचा स्वच्छ भाग वापरा.

५. पट्टी उभी धरून बाणाच्या दिशेने बुडवा. बाणाखालच्या मर्यादारेषेच्या वर लघवी जाऊ देऊ नका, नाहीतर रंग धुऊन निघतो आणि चाचणी बाद होते. बहुतेक पट्ट्या १० ते १५ सेकंद बुडवतात. कॅसेट प्रकारात ड्रॉपरने मोजके थेंब टाकतात. किती, ते पत्रकात पाहा.

६. पट्टी सपाट, कोरड्या जागी आडवी ठेवा आणि गजर लावा. अंदाजाने वेळ मोजू नका.

७. बहुतेक किट पाच मिनिटांनी वाचायचे असतात आणि दहा मिनिटांनंतर वाचायचे नसतात. कोरडी पडत जाणारी पट्टी नंतर नव्या रेषा दाखवू शकते, असलेल्या पुसटही करू शकते. रात्री केलेली चाचणी सकाळी कचऱ्यातून काढून पुन्हा पाहणं म्हणजे स्वतःला फसवणं आहे.

८. ठरलेल्या वेळी फोटो काढा. शेजारी घड्याळ आणि किटचा बॅच क्रमांक दिसू द्या.

नमुना लगेच तपासता आला नाही तर झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवता येतो. अनेक किट ४८ तासांपर्यंतची मुभा देतात. पुढच्या खात्रीच्या तपासणीसाठीही हाच नमुना लागू शकतो, म्हणून निकाल येताच तो ओतून देऊ नका.

पॉझिटिव्ह आलं. आता?

पत्रकात ‘प्राथमिक पॉझिटिव्ह’ असा शब्द असतो, आणि त्यातला ‘प्राथमिक’ हा भाग सगळे गाळून वाचतात. अँटिबॉडी रेणूचा आकार ओळखते, नाव नाही. आकार जुळणारं दुसरं काही समोर आलं की ती त्यालाही पकडते.

अँफेटामिनच्या पट्टीवर हे सर्वाधिक घडतं. सर्दीतलं स्यूडोएफेड्रिन, रक्तदाबावरचं लॅबेटॅलॉल, धूम्रपान सोडायला आणि नैराश्यावर देतात ते ब्युप्रोपिऑन, तसंच ट्रॅझोडोन आणि प्रोमेथाझिन यांच्यामुळे खोटं पॉझिटिव्ह आल्याच्या नोंदी आहेत. अफूवर्गाच्या पट्टीवर लेव्होफ्लॉक्सासिनसारखी काही प्रतिजैविकं आणि क्षयावरचं रिफाम्पिसिन गोंधळ घालू शकतात. खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन पीसीपीच्या (फेन्सायक्लिडिन या भ्रम घडवणाऱ्या ड्रगच्या) पट्टीवर दिसू शकतं, सर्ट्रालिन बेंझोडायझेपिनच्या, एचआयव्हीवरचं एफाव्हिरेन्झ गांजाच्या, क्वेटियापिन मेथाडोनच्या. प्रत्येक कंपनीची अँटिबॉडी वेगळी असते, त्यामुळे एका किटवर जे होतं ते दुसऱ्यावर होईलच असं नाही.

याहून वेगळा प्रकार म्हणजे खरं पण निर्दोष पॉझिटिव्ह. कोडीनयुक्त सिरप घेणाऱ्याच्या लघवीत मॉर्फिन खरोखरच असतं, कारण शरीर कोडीनचं मॉर्फिन बनवतं. पट्टी इथे चुकलेली नाही, पण निष्कर्ष काढणारा चुकू शकतो. पार्किन्सनवरच्या सेलेजिलिनचंही तसंच. त्याचं शरीरात अँफेटामिनवर्गातच रूपांतर होतं.

आता एक हिशेब करू. आकडे कल्पित आहेत, पण त्यातली गोम खरी. समजा एक चाचणी ड्रग घेणाऱ्या १०० पैकी ९५ जणांना बरोबर पकडते आणि न घेणाऱ्या १०० पैकी ५ जणांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. ऐकायला उत्तम. अशा १००० जणांना ती लावली की ज्यांच्यातले २० जणच ड्रग घेतात. घेणाऱ्यांपैकी १९ सापडतील. न घेणाऱ्या ९८० पैकी ४९ चुकून पॉझिटिव्ह येतील. एकूण ६८ पॉझिटिव्ह, त्यांतले खरे १९. म्हणजे दर चार पॉझिटिव्हमागे जेमतेम एक खरा! हीच चाचणी जिथे निम्मे लोक घेतात अशा गटात लावली तर १०० पॉझिटिव्हपैकी ९५ खरे निघतात. म्हणून कसलंही कारण नसताना ‘सहज’ केलेल्या चाचणीचा पॉझिटिव्ह निकाल आणि ठोस लक्षणं दिसत असताना आलेला पॉझिटिव्ह निकाल, दोन्हींचं वजन सारखं नसतं. खोक्यावरची ‘९९ टक्के अचूक’ ही अक्षरं हा फरक सांगत नाहीत.

पुढचं पाऊल एकच: प्रयोगशाळेत खात्रीची तपासणी. तिथे गॅस किंवा लिक्विड क्रोमॅटोग्राफीने घटक वेगळे करून मास स्पेक्ट्रोमेट्रीने प्रत्येक रेणूची ओळख पटवतात. या पद्धतीला कोडीन आणि मॉर्फिन वेगवेगळे दिसतात, प्रमाणही कळतं. दुसरं किट आणून पुन्हा चाचणी करणं ही खात्री नव्हे. तसलीच अँटिबॉडी तीच चूक पुन्हा करेल. प्रयोगशाळेला विचारताना ‘मास स्पेक्ट्रोमेट्रीने कन्फर्मेशन करता का’ असं स्पष्ट विचारा, कारण काही ठिकाणची ‘लॅब टेस्ट’ म्हणजे मोठ्या यंत्रावर केलेली हीच अँटिबॉडीची चाचणी असते.

आणि खात्री झाली तरी त्या निकालात काय नसतं? कधी घेतलं, किती घेतलं, किती वेळा घेतलं, सवय लागली आहे का, त्या क्षणी माणूस नशेत होता का, यांतलं काहीही नसतं.

निगेटिव्ह आलं तरी

घेतल्यानंतर ड्रग लघवीत उतरायला काही तास लागतात. तासाभरापूर्वी घेतलेलं पट्टीवर दिसेलच असं नाही. नंतरची मुदत पदार्थागणिक बदलते. अँफेटामिन एक ते तीन दिवस. कोकेनचे अवशेष दोन ते चार दिवस, भरपूर आणि सतत घेणाऱ्यात जास्त. हेरॉइन-मॉर्फिन दोन ते तीन दिवस. डायझेपामसारखी दीर्घकाळ टिकणारी गोळी महिनोन् महिने घेतली असेल तर थांबवल्यावरही काही आठवडे.

गांजाचं गणित सगळ्यांत ताणलेलं: एखाद्या वेळी ओढला तर साधारण तीन दिवस, रोज ओढणाऱ्यात दहा-पंधरा दिवस, वर्षानुवर्षं भरपूर ओढणाऱ्यात महिना उलटूनही. शेजारी बसून धूर नाकात गेला म्हणून ५० च्या कटऑफवर पॉझिटिव्ह येणं अतिशय दुर्मीळ. प्रयोगांत ते घडलं ते बंद, वारा न खेळणाऱ्या खोलीत दाट धुरात कोंडून बसवल्यावरच.

पाण्यासारखी रंगहीन लघवी निगेटिव्ह आली तर तो निकाल मोजू नका. प्रयोगशाळा क्रिएटिनिन दर डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली आणि विशिष्ट घनता १.००३ च्या खाली गेली की नमुना पातळ मानतात. पातळ नमुना म्हणजे लबाडी असं मात्र नाही. उन्हाळ्यात खूप पाणी पिणारे, लघवी वाढवणारं औषध घेणारे, मूत्रपिंडाचे रुग्ण यांचा नमुना सहजच पातळ येतो. दुसऱ्या दिवशी सकाळचा नमुना घ्यायचा, बस.

दुसऱ्याची चाचणी करताना

स्वतःची चाचणी हा एक प्रश्न, मुलाची किंवा जोडीदाराची हा पूर्ण वेगळा. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना किशोरवयीन मुलांची त्यांच्या इच्छेविरुद्ध घरी चाचणी करू नये अशी भूमिका घेत आली आहे. मला ती पटते. चोरून घेतलेल्या नमुन्याचा निकाल काहीही आला तरी त्यानंतरचं बोलणं ड्रगबद्दल न होता विश्वासघाताबद्दल होतं. त्यात निकाल खोटा पॉझिटिव्ह असेल तर खरं बोलणाऱ्या मुलाला खोटं ठरवलं जातं, आणि पुढे खरंच काही झालं तर ते तुमच्याकडे येत नाही. शंका आहे तर आधी विचारा. चाचणी करायचीच तर त्याला सांगून, त्याच्या औषधांची यादी त्याच्यासोबत करून, आणि पॉझिटिव्ह आलं तर काय करायचं हे दोघांनी आधी ठरवून.

माणूस उठवूनही उठत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत असेल, ओठ निळसर पडले असतील तर पट्टी शोधत बसू नका. तत्काळ रुग्णवाहिका बोलवा, कुशीवर वळवा, हाताशी नॅलोक्सोन (अफूवर्गाच्या ड्रगचा परिणाम उतरवणारं औषध) असेल तर द्या. निदान डॉक्टर लक्षणांवरून करतील.

आणि पॉझिटिव्ह निकाल पाहून घरच्यांनी गोळ्या जप्त करून ‘आजपासून बंद’ असं फर्मान काढू नये. बेंझोडायझेपिन दीर्घकाळ घेणाऱ्याने ती एकदम थांबवली तर झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. डोस हळूहळू उतरवावा लागतो आणि ते काम डॉक्टरांचं. त्यांच्याकडे जाताना पट्टीचा वेळेसकट फोटो, किटचं खोकं, औषधांची ती पहिली यादी आणि फ्रिजमधला उरलेला नमुना सोबत न्या. वाळलेली पट्टी नेऊ नका. तिचा तिथे काही उपयोग नाही.